दाजींनी शिवलेली पर्स

...न्हाय न्हाय, मशीन बंद पडलं म्हणून मी बोंबलत न्हाय ओ! मशीन हाय, बंद पडणारच की. मी बोंबलतोय ते का, तर टेलरच्या मशीनवर काय शिवावं आन् काय शिवू नये ह्याला कायतरी हद्द पायजे का नको? तुम्हीच सांगा. सगळा जलम मंगळवार पेठेत दुकान टाकून बसलोय, 'ज्ञानू टेलर' म्हटलं की बारकं पोरबी हात करून दाखवतंय, ह्या मशीनवर मी ब्लाउज शिवलं, शाळंच्या चड्ड्या शिवल्या, मंडळाच्या गणपतीचं पडदं शिवलं, एकदा तर एका पैलवानाची विजार शिवली, त्याच्या कमरंला टेप पुरंना, शेवटी सुतळी लावून माप घेतलं! पण चामडं? चामडं शिवायचं मशीन हाय का हे? पण सांगायचं कुणाला? समोर उभं कोण, तर आमचं दाजी! सुईचं दोन तुकडं झाल्यात, चाक जाम झालंय, गिऱ्हाईक बाया दारात उभ्या हायत, आन् दाजी काय म्हणालं ठाऊक हाय? माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "सोपं हाय, पावणं!"

आता दाजी म्हणजे कोण ते आधी सांगतो, न्हायतर तुम्ही म्हणशीला ज्ञानू कुणाच्या नावानं खडं फोडायलाय. हंबीरराव त्यांचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं मालक. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर लागलं, चढत चढत सुपरवायझर झालं, आन् गेल्या साली रिटायर झालं. सगळी जिंदगी लोखंडाच्या रसात गेली. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळं जेवताना आक्काकडं नुसतं मीठ मागितलं तरी शेजारीण वाटी घेऊन दारात हजर! माणूस सोन्यासारखा, तुम्हाला सांगतो. कुणाच्या लग्नात, मयतीत, घर बांधताना, सगळ्यात पुढं. पण एक खोड. जगात अवघड असं कायबी न्हाय, ह्यावर त्यांचा ठाम इश्वास. दुसऱ्याच्या जिवावर बेतलेलं असंल तरी, "सोपं हाय, पावणं!"

बरं, हे चामड्याचं खूळ डोक्यात शिरलं कुठनं? ते सांगायचं म्हणजे भांडणापासनं सांगाय पायजे.

त्यांची लेक संयोगिता बेंगळुरात असती. ती अन् जावई सम्राट, दोघंबी कॉम्प्युटरच्या नोकरीत. पोरीला दिवस गेल्यालं. आता पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं, पण डॉक्टरनं सांगितलं, एवढा प्रवास करायचा न्हाय. मग आक्कानं तिकडं जायचं ठरलं, चांगलं चार-पाच महिनं. रात्रीचं जेवण चाललं हुतं, मी बी हुतो तिथं, पिठलं-भाकरी हुती, झकास बेत. आक्का वाढता वाढता म्हणाली, "आवं, मी एवढं महिनं जाणार, तुमचं कसं व्हायचं?"

आता मला सांगा, हिथं माणसानं काय म्हणावं? नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी भागलं असतं की! एक उसासा टाकला असता, भाकरी तोडता तोडता थांबला असता, तरी बायकोला कळतंय. पण न्हाय! आमचं दाजी भट्टीवरच्या आवाजात म्हणालं, "जा की! मला काय फरक पडतोय? मी काय कुकुलं बाळ हाय? उलट जरा शांत वाटंल!"

झालं. मी पिठल्यात बघाय लागलो.

आक्का कायबी बोलली न्हाय. तुम्हाला वाटंल, बरं झालं. अहो, कसलं बरं? आमची आक्का तोंडानं भांडत न्हाय, ती वाढपानं भांडती! दुसऱ्या दिवसापासनं ताट येळेवर, भाकरी गरम, आमटीला तिखट बरोबर... पण "आणखी घालू का?" हे बंद. "चहात साखर बरी हाय का?" हे बंद. ताट ठेवायचं, पाठ फिरवायची. दाजींचं वजन उतराय लागलं! त्या माणसानं आयुष्यात कवा आपणहून भाकरी मागितली न्हाय, ती आपोआप पानात पडायची, आता ती पडंना, आन् मागायची तर तोंड उघडंना. दुकानात येऊन बाकड्यावर बसलं. म्हणालं, "पावणं, तुमची आक्का आज मला 'बाहेर चाललाय तर छत्री घ्या' म्हणाली न्हाय."

म्हटलं, "दाजी, आभाळच न्हाय."

"आभाळ नसलं तरी म्हणायची ओ ती!"

मी म्हटलं, "मग जावा, दोन शब्द बोला. चुकलं म्हणा, मोकळं व्हा."

तर दाजी माझ्याकडं असं बघाय लागलं, जणू मी त्यास्नी रंकाळ्यात उडी टाकाय सांगितली. म्हणालं, "तेवढं सोडून कायबी सांगा. मी तिला पर्स करून देतो."

पर्स! आता आक्काची जुनी पर्स तुम्ही बघाय पायजे हुती. रेक्झिनची, साल निघालेली, चेनच्या जागी सेफ्टी पिन, पट्ट्याला गाठ. नवी पर्स पायजे हे खरं. म्हटलं, "आणा की इकत, राजारामपुरीत ढीग पडल्यात." तर म्हणालं, "इकत कोणबी आणंल. मी हातानं करणार. चामड्याची." आन् मोबाईल काढला. त्यात एक गोरा माणूस, दाढी हितपर्यंत, तोंडातनं शब्द न्हाय, मागं पियानो टिंग टिंग वाजतोय, आन् त्यो चामडं कापतोय म्हणजे काय, लोण्यातनं सुरी! कापलं, भोकं पाडली, शिवलं, घासलं, चमकावलं, पर्स तयार, पियानो बंद. दाजी म्हणालं, "जलमभर लोखंडाचं पाणी केलंय मी. चामड्याचं काय घेऊन बसलाय? सोपं हाय, पावणं!"

तितनं माझी साडेसाती चालू झाली.

सुभाषनगरात गेलं चामडं आणायला. मलाबी नेलं, दुकान बंद करून. तिथं चिमणाबाई म्हणून एक मावशी चामडं इकती, तिनं इचारलं, "चपला करताय काय?" दाजी म्हणालं, "न्हाय, पर्स. जाड द्या. टिकाव पायजे." मावशी म्हणाली, "काका, हे तळाचं हाय. चपलंच्या खाली लावत्यात, पायाखाली." दाजी हसलं. "मग चांगलंच की! पायाखाली टिकतंय ते काखेत टिकणार न्हाय व्हय?" तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आन् तिनं मुकाट्यानं गुंडाळून दिलं. गुंडाळून म्हणतोय, पण ते गुंडाळतच नव्हतं! फळी न्यावी तसं आम्ही ते रिक्षातनं आणलं, एक टोक दाजींच्या मांडीवर, एक माझ्या गळ्यापाशी.

मग दाजींनी बॉलपेननं त्यावर आखलं. चुकलं. पुसाय गेलं, तर पुसंना. परत आखलं, परत चुकलं. त्या चामड्यावर एवढ्या रेघा झाल्या की बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी जमिनीची मोजणी करून गेलंय. आन् कापायला काय घेतलं? माझी कात्री! माझी कापडाची मोठी कात्री, जिला मी घरच्या बायकोलासुद्धा हात लावू देत न्हाय, कागद कापला तरी तिची धार जाती, त्या कात्रीनं चपलंचा तळ कापाय बसलं! कट्ट न्हाय, कर्र न्हाय, नुसता दाजींच्या दातांचा आवाज. मी डोळं मिटून घेतलं. म्हटलं, "दाजी, दाब तरी धरलाय का? शिवायला कडंनं जादा सोडाय पायजे." म्हणालं, "दाब कापडाला लागतोय ओ, चामड्याला कशाला?"

कशाला ते दुसऱ्या दिवशी कळालं. शिवल्यावर पर्स एवढी आतनं बारकी झाली की मोबाईल घातला तर अर्धा बाहेर, आन् नुसता उभा! पण ते पुढचं. आधी मशीनचं ऐका. मी जेवाय घरी गेलतो. दुकानात बसा म्हटलं दाजींना, कोण आलं तर मापं तेवढी घेऊ नका म्हटलं. परत येऊन बघतो तर काय, ते मगाशी सांगितलं ते! लग्नसराईचं दिवस, ब्लाउजांचा ढीग, आन् मशीनच्या पायाखाली चपलंचा तळ आडकलेला. एक बाई म्हणती, "ज्ञानूभाऊ, माझ्या ब्लाउजाला हे लावणार हायसा व्हय?" मिस्त्री बोलवून मशीन सोडवलं. दाजी बाजूला उभं, म्हणालं, "मशीनचं काम न्हाय ते. हातानं शिवतो. सोपं हाय, पावणं!"

मग दाभण आलं, मेण लावलेला दोरा आला, हातोडी आली. माझ्या कटिंगच्या टेबलावर चामडं ठेवून खिळ्यानं भोकं पाडाय लागलं, टाक टाक टाक, वर चामड्याला भोकं, खाली टेबलाला भोकं. आन् तुम्हाला सांगतो, ज्या माणसाच्या दोन्ही हातांवर तापल्या लोखंडाच्या शिंतोड्यांचं डाग हायत, ज्यानं कवा हूं का चूं केलं न्हाय, त्यो माणूस अंगठ्यात दाभण गेल्यावर असा वरडला की समोरच्या गिरणीतली बाई पिठाच्या हातानं धावत आली, तिला वाटलं मलाच मशीननं वढून घेतलं! हळद लावली, चिंधी बांधली, परत शिवाय बसलं. शेवटी कळालं काय? पुढच्या तुकड्याची भोकं जास्त, मागच्याची कमी! शिवत शिवत टोकाला आलं, मागची भोकं संपली, पुढची उरली! म्हटलं, "दाजी, ह्या उरलेल्या भोकांचं काय करायचं?" जरा इचार केला. म्हणालं, "ऱ्हाऊ द्या. आत हवा खेळती ऱ्हाईल."

हवा! पर्समधी!

बरं, चामडं कडक पडलंय म्हणून त्याला तेल लावायचं. त्या गोऱ्याकडं कुठल्यातरी बाटलीतलं तेल हुतं, ते हिथं मिळंना, मग दाजींनी घाण्यावरचं शेंगतेल आणलं आन् पाजलं पाजलं पाजलं, पर्स नुसती भजी तळून काढल्यागत! आन् आक्काला दिसू नये म्हणून ठेवली कुठं? माझ्या कपाटात, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांवर! सकाळी कपाट उघडतोय तर मुंग्यांची रांग पार फळीपासनं पर्सपर्यंत, आन् खालच्या पैठणी ब्लाउजावर तेलाचा ह्यो एवढा डाग. त्या बाईला मी काय सांगितलं ते हिथं सांगत न्हाय. देव बघून घेईल.

मी ती पर्स दोन बोटांत धरून दाजींच्या समोर टेबलावर ठेवली. ती आपोआप उभी ऱ्हायली, एवढी ती ताठ. मी लई तापलो हुतो, आता बोलायचंच म्हणून तोंड उघडलं... आन् दाजींचं तोंड बघून मिटलं.

बाकड्यावर बसलं हुतं. अंगठ्याला चिंधी. उरलेल्या भोकांवरनं बोट फिरवत हुतं. म्हणालं, "लोखंडाचं बरं असतंय ओ, पावणं. ओतकाम चुकलं की टाका परत भट्टीत. रस झाला की चुकीचा मागमूस ऱ्हात न्हाय. जलमभर तसंच काम केलं. आन् ह्याला एकदा भोक पाडलं की पाडलं." एका भोकावर बोट ठेवलं. "त्या दिवशी जेवताना बोललो ते असंच पडलं."

आता सांगा, ह्या माणसावर रागवायचं कसं? मी गुमान मुंग्या झाडल्या.

म्हटलं, "दाजी, आक्काला जायला आता लई दिवस न्हाईत. सोडा हे." पण सोडत्यात काय! म्हणालं, जुन्या पर्सचं नीट माप घेतो आन् मऊ चामडं आणून दुसरी करतो. आक्का बाजारात गेलती, हे घरात जाऊन कपाटात जुनी पर्स हुडकाय लागलं. तासाभरानं दुकानात आलं. हातात गाठोडं. आक्काच्या जुन्या लुगड्यात बांधल्यालं, आत कडुलिंबाचा पाला. दाजींचा आवाज कुठं गेला कुणाला ठावं, एवढ्या हळू म्हणालं, "हे बघा ओ."

उघडलं तर भट्टीवरचा ॲप्रन! चामड्याचा, छातीपासनं गुडघ्यापर्यंतचा, दाजी भट्टीवर असताना रोज घालायचं त्यो. तुम्हाला सांगतो, ह्या ॲप्रनवरनं आक्कानं किती वर्सं कटकट केली असंल! 'जळका वास मारतोय,' 'ह्यो घरात नको,' 'सोप्यातनं हलवा.' रिटायर झाल्यावर तर भंगारवाल्याला देऊन टाकला म्हणून सांगितलं हुतं तिनं, मी समोर हुतो. आन् ह्यो बघा, साड्यांच्या खाली, लुगड्यात, पाला घालून, कसर लागू नये म्हणून!

मी हात लावून बघितला. वापरून वापरून एवढा मऊ झाल्याला की फडक्यागत हातात वळत हुता. ठिणग्यांचं बारकं डाग जागोजाग. मी टेलर माणूस, मला दुसरं काय सुचणार? म्हटलं, "दाजी, ह्यासारखं चामडं सुभाषनगरात हुडकून मिळणार न्हाय! कापा!" आन् स्वतःहून कात्री पुढं केली, माझी मोठी कात्री, बघा म्हणजे!

दाजींनी कात्री घेतली. ॲप्रन टेबलावर पसरला. कात्री उघडली. मी वाट बघतोय, आता म्हणतील, सोपं हाय पावणं, आन् घालतील फाडदिशी. तर न्हाय. कात्री मिटली. म्हणालं, "तिला इचारतो."

मी स्टुलावरनं पडायचाच ऱ्हायलो! हंबीरराव कुणाला इचारणार? ज्या माणसानं न इचारता घराची भिंत पाडली, न इचारता म्हैस इकली, न इचारता माझं लग्न ठरवलं, त्यो इचारणार?

गेलो दोघंबी. मी मध्यस्थी कराय गेलतो असं समजू नका, कात्री माझी हुती म्हणून गेलतो. आक्का सोप्यात बसून येणाऱ्या बाळासाठी बारकी वाकळ शिवत हुती. दाजी तिच्या समोर बसलं, ॲप्रन मांडीवर. आन् भट्टीवरचा त्यो माणूस घसा खाकरत ऱ्हायला, खाकरत ऱ्हायला, शेवटी म्हणाला, "अगं... ह्यो तू भंगारात दिलतीस न्हवं?"

आक्कानं वर न बघता टाका घातला. "दिलता. परत आणला."

"का?"

"भंगारवाला म्हणाला, चामडं किलोवर घेत न्हाय."

आता हे खोटं मला कळालं, दाजींना कळालं, दारातल्या मांजराला कळालं.

दाजी म्हणालं, "ह्याची तुला पर्स करू का? जाताना घेऊन जायला. न्हायतर न्हाय करत. तू म्हणशील तसं."

आक्काचा हात थांबला. ॲप्रनकडं बघितलं, दाजींच्या अंगठ्याच्या चिंधीकडं बघितलं, माझ्या हातातल्या कात्रीकडं बघितलं. म्हणाली, "मी गेल्यावर शांत वाटणार हुतं न्हवं? मग पर्स कशाला, नुसतं जाऊ द्या की मला."

मला वाटलं हिथनं पळावं. पण कात्री...

दाजी जमिनीकडं बघून म्हणालं, "न्हाय वाटणार."

एवढंच. दोन शब्द. आन् एवढ्या हळू की शेजारीण आली न्हाय.

आक्कानं सुई वाकळंला टोचून ठेवली. डोळ्याला पदर लावला का नाकाला, ते मी बघितलं न्हाय, मी कात्रीची धार बघत हुतो. मग म्हणाली, "कापा. पण खिसा काढू नका, खिसा तसाच ऱ्हाऊ द्या. आन् चहा घेणार काय? साखर घालू का कमी करू?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं! अहो, त्या माणसाच्या तोंडावर जे काय आलं ते बघून मला वाटलं, माझं मशीन गेलं, टेबलाला भोकं पडली, पैठणी गेली, जाऊ दे तिच्यायला, सगळं वसूल!

तितनं पुढं दुकानात कायबी झालं न्हाय, जे झालं ते आक्काच्या सोप्यात. मी दाब सोडून कापून दिलं, हो, मीच कापलं, दाजींच्या हातात कात्री परत दिली न्हाय. एका बाजूनं दाजी शिवाय बसलं, दुसऱ्या बाजूनं आक्का. जलमभर वाकळा शिवलेला हात तिचा, टाका कसा तांदळाच्या दाण्यागत, एका ओळीत. आन् दाजींचा टाका? एक लांब, एक आखूड, एक खाली, एक गावाला गेल्यागत! मधनंच दाजी म्हणायचं, "तुझा दोरा वढ जरा," आक्का म्हणायची, "तुम्ही तुमचं बघा." एवढं बोलणं त्या दोघांत मी त्यांचं लग्न झाल्यापासनं ऐकलं नव्हतं. पर्स झाली. देखणी म्हणवत न्हाय, पण पर्स झाली. पुढं त्यो ॲप्रनचा खिसा, कडंला ठिणग्यांचं डाग, एक बाजू सरळ, एक बाजू दाजींची.

आता एवढ्यावर थांबावं का नको? पण दाजी म्हणालं, "चेन नको. चेन बिघडती. मी पितळेचा खटका बसवतो." म्हटलं, "दाजी, बटण लावू या की." "सोपं हाय, पावणं!" आन् जुन्या कामावरच्या दोस्ताकडनं खटका करून आणला, केवढा? एखाद्या गोदामाला शोभंल असा! बसवला ठोकून. 'टप्प' करून बंद व्हायचा. दाजी दिवसभर उघडझाप करत बसलं, टप्प, टप्प.

आक्का जायच्या दिवशी संध्याकाळी हायवेवर तावडे हॉटेलापाशी बस येणार हुती, बेंगळूरची. बॅगा, लोणच्याच्या बरण्या, डिंकाच्या लाडवांचा डबा, वाकळ, आन् खांद्याला नवी पर्स. दाजी शंभरदा सांगतायत, "मोबाईल आत हाय, तिकीट मोबाईलमधी हाय, आधार कार्ड खिशात न्हाय, आतच हाय, सगळं आत ठेवलंय मी, बंद करून." टप्प! बस आली. माणूस खाली उतरला, म्हणाला, "मावशी, तिकीट दाखवा."

आक्कानं खटका दाबला. उघडंना.

परत दाबला. उघडंना! मी दाबला. दाजींनी दाबला, वढला, पिळला, त्याला भट्टीच्या आवाजात शिव्या दिल्या. बसमधली माणसं खिडकीतनं बघायलीत. ड्रायव्हर पाना घेऊन खाली उतरला, त्यानं हाणून बघितलं, खटका तसाच! बसचा माणूस म्हणतोय, "काका, मागं गाड्या लागल्यात, लवकर करा." आन् तिकीट, मोबाईल, आधार, पैसं, सगळं त्या पर्समधी, पर्स अशी बंद की चोरानं हात जोडावं!

आक्काचं तोंड उतरलं. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या जाते."

आन् बघा, दाजींना काय, आयतंच फावलं की! बायको आणखी एक दिवस घरात ऱ्हाणार हुती. कायबी न करता नुसतं उभं ऱ्हायचं हुतं. पण न्हाय. माझ्याकडं हात केला. "पावणं, कात्री." माझ्या खिशात धागं कापायची बारकी कात्री कायम असती. दाजींनी ती घेतली, पर्स उलटी केली, आन् स्वतःच्या बाजूची शिलाई, ती वाकडीतिकडी, दाभण खाऊन घातलेली शिलाई, सर्र सर्र सर्र कापत गेलं. आक्काच्या बाजूचा एक टाका हलवला न्हाय. त्या फटीतनं हात घालून मोबाईल काढला. "घ्या तिकीट."

आक्का हसाय लागली. अशी हसाय लागली, अहो, पदर तोंडात कोंबून, रडत रडत, बसच्या पायरीवर धरून उभी ऱ्हायली आन् हसतीया! म्हणाली, "बरं झालं बाई, आत हवा तरी खेळती ऱ्हाईल." दाजींनी माझ्याकडं असं बघितलं... मी ते भोकांतल्या हवेचं तिला सांगितलं हुतं ओ, काय करू, बहीण हाय माझी! पर्स काखेत दाबून ती चढली, खिडकीतनं हात केला. "येळेवर जेवा. छत्री घ्या." बस गेली.

दाजी हायवेच्या कडंला उभं. लाल दिवं दिसंनासं होईपर्यंत उभं. एवढ्या वर्सांत त्या माणसाच्या तोंडातनं जे कवा ऐकलं नव्हतं, ते म्हणालं. "अवघड हाय, पावणं."

मी गाडीला किक मारली.

पुढं काय? पुढं आठ दिवस दाजी माझ्या दुकानात. भाकरी जळाली, चहा उतू गेला, दूधवाल्याशी भांडण झालं, सगळं मला सांगायचं. नवव्या दिवशी घराला कुलूप, किल्ली माझ्या टेबलावर, आन् दाजी बेंगळूरच्या बसमधी! फरक पडत न्हाय म्हणणारा माणूस! संयोगिताला पोरगी झाली त्या येळी दवाखान्यात दाजी हजर, फोन करून एवढ्या मोठ्यांदा सांगितलं की मंगळवार पेठेला फोनची गरज नव्हती. म्हटलं, चला, ज्ञानू सुटला. आता तुझं दुकान, तुझं मशीन, तुझा टेबल.

तर काल जावयाचा, सम्राटचा फोन. हळू आवाजात, बाल्कनीत उभं ऱ्हाऊन बोलत असावा. म्हणाला, "मामा, एक इचारायचं हुतं. पप्पांनी आज माझ्या ऑफिसच्या बॅगेची मापं घेतली. आन् सोफ्याच्या कव्हरकडं बघून म्हणालं, चामडं चांगलं हाय. मी काय करू?"

मी म्हटलं, "हे बघा जावईबापू, आमच्या दुकानात पाटी हाय. एकदा दिलेला माल परत घेतला जाणार न्हाय. त्यो आता तुमच्याकडं पोचलाय. तुम्ही जाणा, तुमचा सोफा जाणं." आन् फोन ठेवला.

ठेवला खरं. दुकानात बसलो. बाकडं मोकळं. मशीन कसं गुळगुळीत चालतंय, कोण मधी बोलाय न्हाय, कोण कात्री मागाय न्हाय, सगळं जिथल्या तिथं... अहो, असल्यात काम होतंय व्हय माणसाकडनं?

परत फोन लावला. म्हटलं, "जावईबापू, लईच तरास झाला तर द्या लावून हिकडं. काय करणार... सवय झालीया."